विरजणाची वाटी

रणजित साळोखेचा आवाज परत आला तेव्हा मंगळवार पेठेतली अख्खी गल्ली त्याच्या दारात जमली, आणि त्याची बायको आत जाऊन पातेली घासत बसली.

पातेली घासायला घरात यंत्र होतं. २०५१ साली कोल्हापुरात कुणाच्या घरी नव्हतं? पण मीनलला हाताला काहीतरी काम हवं होतं. बाहेरच्या खोलीत कंपनीचा तंत्रज्ञ रणजितच्या गळ्याभोवती नवी गळपट्टी बसवून बाजूला झाला होता, आणि रणजित, वय वर्षं चौसष्ट, छाती काढून उभा राहिला होता.

"मंडळी, टाळ्या जरा हात मोकळा सोडून वाजवा! कोल्हापूरची माती हाय ही. हितं पाठ टेकवायला कुणी येत न्हाई!"

आवाज खणखणीत होता. पंचवीस वर्षांपूर्वी कुस्तीच्या मैदानात निवेदन करताना जसा घुमायचा, अगदी तसा. म्हाताऱ्या पैलवानांनी डोळे पुसले. पुण्याहून पडद्यावर बघणारी लेक ऋतुजा हुंदके देत म्हणाली, "बाबा, परत बोला ना! मी लहान असताना तुम्ही असेच बोलायचा!"

रणजित परत बोलला. चार वेळा बोलला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "मीनल!"

पुढच्या जोडीतल्या पैलवानाचं नाव पुकारावं तशी ती हाक आली. मीनलच्या हातातलं पातेलं निसटलं. "आलो, आलो," ती म्हणाली. कोल्हापूरची बाई 'आले' म्हणत नाही, मग ती इंजिनिअर का असेना. पण आलो म्हणूनही ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता यात रडण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारेल. नवऱ्याला घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, आणि विज्ञानानं त्याला त्याचाच आवाज जसाच्या तसा परत दिला. पेढे वाटायची वेळ होती. अडचण एवढीच की मधली एकोणीस वर्षं रणजित मुका नव्हता. त्याला दुसरा एक आवाज होता, आणि तो मीनलनं केला होता.

तिनं एकटीनं नाही. उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर तेव्हा त्यांची छोटी कंपनी होती. मीनल होती, इम्तियाज मुजावर होता आणि आणखी चारपाच उत्साही जीव. इम्तियाज मूळचा रणजितच्या तालमीतला. दोघांनी एकाच हौद्यात माती खाल्लेली. रणजितचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात इम्तियाजनं आपली चांगली नोकरी सोडली आणि माडीचा जिना चढून आला. "वहिनी, आमचा पैलवान गप बसलेला मला बघवत न्हाई," एवढंच बोलला आणि सोल्डरिंगची बंदूक हातात घेतली.

गळपट्टी तिथं जन्मली. माणूस बोलू लागला की मानेच्या स्नायूंत बारीक विजा खेळतात. स्वरयंत्र नसलं तरी त्या खेळतात, कारण मेंदू जुनी सवय सोडत नाही. पट्टी त्या विजा वाचते, त्यावरून शब्द ओळखते आणि नखाएवढ्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम त्या शब्दांना आवाज देतो. रणजितचा मूळ आवाज मात्र त्यांना देता आला नाही. त्याची होती नव्हती ती सगळी रेकॉर्डिंगं मैदानातली, आणि हलगीच्या कडकडाटातून, पाच हजार माणसांच्या शिट्ट्यांतून एकच गळा वेगळा काढणं तेव्हा जमत नव्हतं. आता जमतं. तेव्हा जो आवाज निघाला तो रणजितच्या आवाजाचा दूरचा चुलतभाऊ होता. जरा घोगरा, जरा खरखरीत, आणि वाक्याच्या शेवटी हलकेच खाली घसरणारा. दमून घरी आलेला माणूस पायरीवर बसतो ना, तसा.

त्या आवाजात रणजित भांडला. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणाला. ऋतुजाच्या लग्नात व्याह्यांशी बोलला, मीनलची आई गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून रात्रभर काहीबाही सांगत राहिला. गाजलेल्या आवाजाचा रणजित वर्षातले आठ महिने मैदानं करत गावोगाव हिंडायचा. घरी राहिला तो या आवाजाचा रणजित. मीनलला नवरा खऱ्या अर्थानं लाभला तो या आवाजात, आणि हे ती कुणापुढे बोलू शकत नव्हती. बाई, नवऱ्याला त्याचं वैभव परत मिळालं आणि तू रडतेस? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात.

जुनी पट्टी कपाटाच्या खणात होती. तिची चिप थकली होती, मधेच शब्द गिळायची. तशा चिपा आता कुणी करत नव्हतं. मीनलनं सकाळी खण उघडून पट्टीला हात लावला की ती कोमट लागायची. चिप आतून तापतेय, दिवस भरत आले, असा तिनं अर्थ लावला. चिप गेली की तो आवाज गेला. रेकॉर्डिंगं होती, पण रेकॉर्डिंग ठरलेलं तेवढंच बोलतं. ते भांडत नाही.

आणि घरातला रणजित तर दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. बाहेर सत्कार, मुलाखती, मैदानांची निमंत्रणं. घरात नुसती मान हलवायची, बोटानं दाखवायचं. मोठ्या आवाजाला आता घर लहान पडायला लागलं, असं मीनलच्या मनानं घेतलं.

म्हणून तिनं ठरवलं की जुना आवाज नव्या चिपवर चढवायचा. कुणाला न सांगता. घालू देत ना त्याला बाहेर नवी पट्टी. कपाटाच्या खणात तरी तो आवाज जिवंत राहील.

तिला वाटलं, हे दोन दुपारींचं काम. नवी चिप मिळाली ती जुनीच्याच घराण्यातली, म्हणजे जुनीची यंत्रभाषा तिला समजणारी. प्रोग्रॅमची ओळन् ओळ मीनलकडे जपून ठेवलेली होती, रणजितच्या आवाजाची माहिती होती. एका रविवारी रणजित कागलच्या मैदानाला गेलेला असताना तिनं टेबल मोकळं केलं, प्रोग्रॅम बांधला, चिपवर चढवला, चिप एका सुट्या पट्टीत बसवली आणि तिला एक वाक्य बोलायला लावलं.

आवाज स्वच्छ आला. घोगरेपणा होता, पण खरखर नव्हती. वाक्याचा शेवट इस्त्री केल्यासारखा सरळ होता. रणजित पायरीवर बसलाच नाही.

तिनं सगळं तपासलं. प्रोग्रॅम तोच, माहिती तीच. मग तिनं वरून कृत्रिम खरखर मिसळून पाहिली. ते नाटकात दाढी लावून म्हातारा झालेल्या पोरासारखं वाटलं. डोकं धरून बसली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण काय विसरलो, आणि तिला स्वतःचाच राग आला. उभा जन्म ज्या कामात गेला, त्यातली पहिली गोष्ट ती विसरली होती.

ती गोष्ट अशी. एवढ्याशा चिपवर प्रोग्रॅम तयार करता येत नाही. तिथं जागाच नसते. तो तयार होतो मोठ्या संगणकावर आणि चालतो चिपवर. स्वयंपाक एका घरी आणि पंगत दुसऱ्या घरी. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. स्वयंपाकाची जी भांडीकुंडी लागतात ती टूलचेन. आणि तिच्यासोबत तयार मसाल्यांचे डबे असतात, त्या लायब्रऱ्या. बेरीज-गुणाकार कसा करायचा, आवाजाची लहर कशी काढायची, हे प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः लिहीत नाही, डब्यातून घेतो. मीनलनं एवढी वर्षं पाककृती जपली आणि डबे टाकून दिले. कंपनी विकली गेली तेव्हा नव्या मालकांनी सगळं नव्यानं, स्वच्छ उभं केलं आणि जुनी यंत्रं भंगारात गेली. मीनलनंच सही केली होती. प्रोग्रॅम आहे ना आपल्याकडे, म्हणजे सगळं आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आणि डबे साधे नव्हते. त्यांच्या माडीवर टूलचेनच्या त्या फोल्डरला नावच 'विरजण' होतं. पहिल्या चिपमध्ये गणिताची पूर्ण लायब्ररी मावत नव्हती, म्हणून इम्तियाजनं ती हातानं छाटली होती. कुठलाही आकडा आला की शेवटचा चुरा फेकून द्यायचा, पुढचं मागचं बघायचं नाही. तो चुरा सेकंदाला हजारो वेळा फेकला जायचा. वाक्य जितकं लांब तितकी चूक साचत जायची, लहर थोडी थोडी खाली सरकायची आणि वाक्य संपलं की हिशेब पुन्हा नवा सुरू व्हायचा. रणजितच्या आवाजातला तो थकवा, ती माया, म्हणजे इम्तियाजनं झाडून टाकलेला चुरा होता! त्यावेळी हे मीनलच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नवा संगणक आला की त्यावर बाहेरून लायब्रऱ्या उतरवून घ्यायच्या नाहीत, असा माडीवरचा दंडक होता. जुन्या यंत्रातूनच घ्यायच्या. इम्तियाज पेनड्राइव्ह स्टीलच्या वाटीत ठेवून, वर ताटली झाकून, नव्या माणसाच्या टेबलापाशी यायचा. "घ्या विरजण. हलवू नका, लागू दे नीट." मग सगळ्यांना चहा. कंपनी सोडून जाणाराही आपली वाटी भरून न्यायचा. मीनलनं तेवढी नेली नाही.

घरचं विरजण बिघडलं की बाई काय करते? वाटी घेऊन शेजारी जाते.

रणजितला ती म्हणाली, "मी जरा जाऊन येतो. मुरगूडकडं."

रणजितनं मान हलवली. कशाला, असं विचारलंही नाही.

मुरगूडच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या एका गावात इम्तियाजनं घर बांधलं होतं आणि आसपासच्या दूधसंस्थांना यंत्रं करून देत होता. दोघांची गाठ बऱ्याच वर्षांत पडली नव्हती. भांडण नव्हतं, पण कंपनी विकली तेव्हा इम्तियाज काही न बोलता जिना उतरून गेला होता आणि मीनलला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

मीनल गावात उतरली तेव्हा संध्याकाळचं दूध घालायची वेळ होती. संस्थेच्या दारात कॅन घेऊन बायकापुरुषांची रांग लागलेली. आत एक बोलका काटा होता. दूध ओतलं की तो नाव, माप आणि फॅट मोठ्यानं सांगायचा, म्हणजे मागाहून कुरकूर नको. आवाज बाईचा होता.

"शेवंता पाटील. चार लिटर. फॅट सहा पॉइंट दोन."

मीनल जागच्या जागी थांबली. 'दोन' म्हणताना तो आवाज हलकेच खाली घसरला होता. बाईच्या आवाजात रणजितची खरखर! रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं बाई? चक्कर आली का?" मीनलनं मान हलवली आणि पदरानं डोळे टिपले. दूध घालायला येऊन रडणारी बाई त्या गावानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

"वहिनी?" मागून कुणीतरी म्हणालं. इम्तियाज होता. दाढी पांढरी झाली होती, खांदे मात्र अजून तालमीतले. "अवो, हितं रांगेत कशाला उभारलाय? घरला या की!"

"इम्तियाजभाई, हा काटा..."

"मीच केलाय. का? फॅट चुकीची सांगतोय?"

घरी गेल्यावर चहाच्या आधीच मीनलनं पिशवीतून स्टीलची वाटी काढून टेबलावर ठेवली. रिकामी. इम्तियाज वाटीकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आमचं बिघडलं," मीनल म्हणाली. "तुमच्यातलं थोडं द्या."

मग तिनं सगळं सांगितलं. नवा आवाज, गल्लीतली गर्दी, खणातली कोमट पट्टी. बायकोमाणसानं जे नवऱ्याच्या मित्राला सांगू नये तेही सांगितलं, की मला तो म्हातारा, खरखरीत आवाजच हवाय.

इम्तियाजनं रिकामी वाटी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाला, "तुमाला खरं सांगू? मला वाटायचं, ती लायब्ररी छाटली म्हणून पैलवानाचा आवाज बिघडला. पुढं दुसरी चिप आली ती मोठी होती, माल पुरता बसला असता. पण तवर सवय लागलेली सगळ्यांना. मनाला लागून ऱ्हायलं वो माझ्या. नव्या मालकांनी सगळं धुऊन काढलं तवा वाटलं, बरं झालं, गेलं ते."

"मग तुम्ही अजून तेच कसं वापरता?"

"विरजण टाकून कुणी देतं व्हय?" तो लाजून म्हणाला. त्यानं पेनड्राइव्ह भरला, वाटीत ठेवला आणि वर ताटली झाकली. "वाटी परत आणशीला तवा रिकामी आणू नका म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी मीनलनं पुन्हा प्रोग्रॅम बांधला. विरजणाचं फोल्डर शेजारीच ठेवलं होतं. चिपवर चढवलं, वाक्य बोलायला लावलं. आवाज स्वच्छ. इस्त्रीचा.

म्हणजे सगळा आपला भ्रमच होता तर. खरखर लायब्ररीत नव्हतीच, जुन्या चिपच्या म्हातारपणात होती. संपलं. तिनं पट्टी बाजूला सारली आणि इम्तियाजला फोन लावला तो केवळ कळवायचं म्हणून.

तिकडून इम्तियाजनं शांतपणे विचारलं, "वहिनी, तुमचं यंत्र डबा आधी कुणाच्या घरात शोधालंय?"

"म्हणजे?"

"नव्या चिपच्या कंपनीची टूलचेन टाकलीया न्हवं तुम्ही? तिच्या संगं तिचे डबे आल्यात. नाव बी तेच, आकार बी तोच. यंत्र आधी त्या फडताळात बघतंय. तिथं सापडलं की तुमच्या वाटीकडं कशाला बघंल ते?"

मीनलनं कपाळावर हात मारून घेतला. ही चूक माडीवर नवीन येणारा प्रत्येक जण करायचा आणि मीनलच त्यांना झापायची. तिनं शोधायच्या वाटांचा क्रम बदलला, आधी विरजण, मग बाकीचं, आणि खात्री म्हणून नव्या चिपच्या कंपनीचं फोल्डरच उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं. पुन्हा बांधलं. पट्टी टेबलावर ठेवून कळ दाबली.

"चाचणीचं वाक्य," पट्टी म्हणाली, "इथं संपलं."

'संपलं' हलकेच खाली घसरलं. मीनलनं ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की दारात फेटा बांधून उभा असलेला रणजित तिला दिसलाच नाही. तो दुपारच्या मैदानाहून आला होता, गळ्यात अजून हार होता.

ती दचकून उठली. पट्टी लपवावी असं तिला वाटलं, पण लपवणार कुठे? "अहो, मी नुसतं बघत होतो," ती म्हणाली, "तुमचं आहे ते राहू दे. चांगलंच आहे ते. मी आपलं..."

रणजितनं हात वर करून तिला थांबवलं. तो कपाटाशी गेला, खण उघडला आणि जुनी थकलेली पट्टी काढून तिच्या पुढे धरली. मग आपल्या गळ्याकडे बोट केलं. मग पट्टीकडे. मीनलला क्षणभर कळलं नाही. मग पट्टीची ती रोज सकाळची ऊब तिला आठवली.

"तुम्ही घालत होता?"

नव्या खणखणीत आवाजात तो बोलला, पण शक्य तेवढं हळू, आणि हळू बोलणं त्या आवाजाला जमत नव्हतं. "तू आंघोळीला गेलीस की. चार शब्द. तुझं नाव घेऊन बघायचो, येतंय का अजून. ह्या आवाजात तुला हाक मारली की मला वाटतं, कोण हा परका माणूस माझ्या बायकोला बोलवालाय?"

"मग सांगायचं नाही का?"

"एवढी मोठी माणसं जमली, पोरगी रडली. कसं सांगू? आणि मला वाटलं, तुला हा आवडला आसंल. तरुणपणचा."

मीनल हसू लागली. हसता हसता रडूही लागली, आणि दोन्ही गोष्टी एकदम करताना ती त्याच्यावर भयंकर चिडली. "एवढे दिवस घरात मुक्यासारखे वावरलात! माझा जीव टांगणीला लागला होता!"

रणजितनं गळ्यातला हार काढला, फेटा काढला, मग ती नवी गळपट्टी काढून टेबलावर ठेवली. मीनलनं आपल्या हातांनी विरजणाची पट्टी त्याच्या मानेभोवती बांधली. पट्टीनं एक क्षण घेतला.

"मीनल," तो म्हणाला.

नावाचा शेवट हलकेच खाली उतरला आणि पायरीवर बसला. मीनलनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मैदानाचा आवाज मैदानाला ऱ्हाऊ दे," रणजित म्हणाला. "आता च्या टाक. आणि साखर घाल नीट, काल तू पाणी पाजलंस मला."

चहा पिता पिता मीनलनं त्याला मुरगूडकडची सगळी हकीकत सांगितली. मग ती टेबलावरची स्टीलची वाटी धुऊ लागली, आणि तिला इम्तियाजचं बोलणं आठवलं. वाटी रिकामी परत करायची नाही. साखर घालावी की खोबऱ्याच्या वड्या, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. रणजितनं ते ऐकलं आणि सरळ फोन उचलला.

"काय रे इम्त्या," तो म्हणाला, "लेका, आवाज बिघडवला म्हणून इतकी वर्षं तोंड लपवून बसलास व्हय? तुझ्या त्या चुऱ्यावर माझा संसार चाललाय!"

पलीकडून इम्तियाज म्हणाला, "वहिनींना सांग, वाटी पोचली. भरून पोचली."